ओली मोहोर

सोन्याला कधी पाणी सुटलेलं पाहिलंय का रे कुणी? नाही ना? मग ऐका तर.

साता समुद्रांपलीकडे इंग्लंड नावाचं एक बेट. तिथला राजा भारी हौशी. त्याच्या सोन्याच्या मोहरेवर तो स्वतः गलबतात उभा, हातात तलवार! तेव्हा यंत्रं नव्हती, बरं का. खाली एक ठसा, वर एक ठसा, मधे सोन्याची चकती. वरचा ठसा आल्डिथ नावाची बाई धरायची आणि हॉब नावाचा दांडगा गडी घण घालायचा. धाण, धाण, धाण! की झाली मोहोर.

एकदा काय झालं, राजा खरोखरच गलबतातून सफरीला निघाला. आल्डिथचा नवरा ओस्बर्ट त्याच गलबतावर खलाशी. जाताना राजानं बजावलं, "मी परत येईपर्यंत घण थांबता कामा नये. जो थांबवील, त्याचा हात तोडीन."

मग पानगळ झाली, बर्फ पडलं, फुलं आली. गलबत काही येईना. आल्डिथच्या घशाखाली घास उतरेना.

एके दिवशी मोहोर निघाली ती ओलीच. आल्डिथनं झग्याला पुसली. दुसऱ्या दिवशी मोहरेला शेवाळ चिकटलेलं. जीभ लावून बघते, तर खारट! तिसऱ्या दिवशी तिनं मोहोर डोळ्यांजवळ धरली. गलबत कलंडलेलं, आणि शिडाच्या दोराला लोंबकळतोय कोण? तिचा ओस्बर्ट! अगं बाई! इथे घण पडला, की तिथे लाट आदळत होती. गलबत बिचारं घरी येणार कसं?

"थांबवा घण! मोहोर ओली निघतेय, घणागणिक तिकडे गलबतावर लाट आदळतेय!" आल्डिथ ओरडली.

टांकसाळीचा मुकादम हसला. "सोन्याला घाम फुटला होय गं? कामचुकारांना निमित्तं बरी सुचतात!"

"मग चाटून बघा की!"

मुकादमानं चाटली. तोंड वाकडं झालं. "असेल खारट. पण राजा आल्याशिवाय घण थांबायचा नाही."

"अहो, घण थांबल्याशिवाय राजा येतोय कुठला?"

"ते मला नको सांगू. हॉब, मार!"

मग आल्डिथनं ती ओली मोहोर खालच्या ठशावर ठेवली आणि तिच्यावर आपला उजवा हात पसरला. "मार हॉबदादा. हात तसाही जायचाच आहे."

हॉबनं घण उचलला, खाली ठेवला. मुकादम खेकसला. परत उचलला, परत ठेवला. तिसऱ्यांदा हॉबचे डोळेच भरले. "मालक, माझी पोर तापानं फणफणली होती, तेव्हा हाच हात तिच्या कपाळावर होता. तुम्हीच मारा."

मुकादम पुढे झाला. पण त्याला घण उचलेल तर ना!

मग सगळीकडे कसं शांत शांत झालं. आल्डिथनं हात काही काढला नाही. दिवस कलला. तळव्याखाली मोहोर कोरडी लागली. तिनं हळूच पाहिलं. गलबत सरळ उभं, शीड वाऱ्यानं टम्म फुगलेलं. आल्डिथनं कितीतरी दिवसांनी छातीभर श्वास घेतला.

आता पाय पोटाशी घ्या आणि डोळे मिटा. राहिलेलं मिटल्या डोळ्यांनीच ऐकायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गलबत धक्क्याला लागलं, राजानं सगळं ऐकून आपला हुकूम मागे घेतला, आणि ओस्बर्ट आल्डिथचा हात धरून घरी गेला नि कोरड्या अंथरुणात गाढ झोपला.