हात मांडीवर

१९९४ साल, दसऱ्यानंतरचा आठवडा. साखर कारखान्याचे संचालक दाजीसाहेब स्टँडवर सगळ्यांदेखत ड्रायव्हर सिद्रामवर ओरडले, "म्हाताऱ्या, तुझ्या कापऱ्या हातांनी माझी पिकअप थरथरते. उद्यापासून येऊ नकोस!"

"एकदा शेजारी बसा, मालक."

माळावरच्या रिकाम्या रस्त्यावर जुन्या गाडीने साठचा वेग गाठला आणि ती थरथरू लागली. सिद्रामने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"अरे, स्टेअरिंग धर!"

"हात तर सोडले, मालक. आता कोण थरथरतंय?"

"मी!" दाजीसाहेब किंचाळले.

सिद्रामने गाडी थांबवून खालचा, मागची चाकं फिरवणारा लांब शाफ्ट दाखवला. त्याचा तोल राखणारा लोखंडी तुकडा कुरूप दिसतो म्हणून दाजीसाहेबांनीच खंडेनवमीच्या रंगकामात घासून काढायला लावला होता.

स्टँडवर त्याच माणसांदेखत दाजीसाहेबांनी सिद्रामला किल्ली दिली आणि हात जोडले.