वरवंट्याची अंगाई

शकू, पाय आत घे पांघरुणात. आणि मुकुंदा, तिची उशी ओढू नकोस. ओढलीस तर गोष्ट इथंच थांबवीन. हं, आता ऐका.

एक होता राजा. पण गोष्ट त्याची नाही हो, राजे काय पैशाला पासरी. गोष्ट आहे त्याच्या थोरल्या बहिणीची, सगुणाआत्याची. तोंडाने फटकळ, मनाने लोण्याचा गोळा. एकच खोड होती. आपल्याला सगळं येतं असं तिला वाटायचं. आणि खरं सांगू का, बहुतेक सगळं यायचंही.

तर एकदा काय झालं, राजाला मुलगी झाली. नवसाची. बाराव्या दिवशी बारसं ठरलं. घुगऱ्या शिजल्या, पाळणा सजला. बारसं म्हटलं की काय काय लागतं? बाळ लागतं, पाळणा लागतो, आत्या लागते आणि वरवंटा लागतो. हो, चटणी वाटतो तोच, बरं का! त्याला न्हाऊ घालायचं, कुंची चढवायची, काजळ लावायचं, अगदी बाळासारखं नटवायचं. मग एकीने बाळ पाळण्यावरून द्यायचं, दुसरीने वरवंटा पाळण्याखालून द्यायचा. तुमच्याही बारशाला केलं होतं. मुकुंदा, तुझ्यापेक्षा तो वरवंटा शहाणा. हूं की चूं केलं नाही त्याने.

त्या राज्यात आणखी एक रीत होती. आत्याने बाळाचं नाव आधी वरवंट्याच्या कानात सांगायचं. सांगितलं की ते तिच्या डोक्यातून पार पुसलं जायचं. मग पाळण्यापाशी वरवंटा कानाला लावला की नाव परत ऐकू यायचं. तेच बाळाच्या कानात सांगायचं. आणि नाव मिळालं की मगच बाळाला पहिली गाढ झोप लागायची. तोवर नुसत्या डुलक्या.

सगुणाआत्या वरवंटा घेऊन निघाली तळ्यावर. राणी म्हणाली, "वन्सं, दासीला न्या की बरोबर."

"एक वरवंटा धुवायला फौज लागते होय?"

गेली एकटीच. वरवंट्याला चोळचोळून तेल लावलं. न्हाऊ घातलं. कुंची चढवली, काजळाची तीट लावली. त्याच्या कानाशी तोंड नेऊन नाव सांगितलं. मग कौतुकाने उंच धरला आणि म्हणाली, "बघ रे तळ्या, आमचं बाळ!" हाताला तेल. मग व्हायचं तेच झालं. डुबुक! वरवंटा गेला तळाला आणि नावही गेलं त्याच्याबरोबर.

राजा म्हणाला, "त्यात काय अक्का, दुसरं नाव ठेवू." ठेवून पाहिलं. बाळ असं किंचाळलं, असं किंचाळलं, की देवडीवरचा पहारेकरी धावत आला. आणखी एक नाव ठेवलं. तेच! आणि नाव नाही म्हणून झोप नाही, झोप नाही म्हणून दूध नाही. पोर वाळत चालली. पुढे पुढे तर रडायलाही तिच्या अंगात त्राण उरलं नाही. राणीच्या डोळ्यांचं पाणी खळेना.

"माझ्या हातून पडलाय, मीच काढीन," आत्या म्हणाली.

"अक्का, एवढी माणसं आहेत माझी. तू स्वस्थ बस बघू," राजा म्हणाला. आत्या बसली. पण मनातून नुसती धुमसत बसली.

मग पहिल्यांदा उतरला धर्मा कोळी. पट्टीचा पोहणारा. बुडी मारली आणि गेला तसा वर आला. म्हणाला, "महाराज, खाली कुणी बाई गातीय. मला बघितलं न् दिलं ढकलून."

मग टाकला गळ. विहिरीत घागर पडली की आपण टाकतो ना, आकड्यांचा, तसाच, पण चांगला थोरला. वर ओढला तर सगळे आकडे सुईसारखे सरळ.

मग राजाने लावल्या मोटा. तळंच उपसून काढतो म्हणाला. बैल दमले, माणसं दमली, पण पाणी बोटभर हटेना. जेवढं काढावं तेवढं भरावं. आत्याने मोटेखाली ओंजळ धरली, घोटभर तोंडात घेतलं आणि थू करून टाकलं.

"अरे, हे खारट झालंय! आपल्या तळ्याचं पाणी किती गोड! खाली कुणीतरी रडतंय रे. रडणाऱ्या बाईला असं उपसून काढतात का? थांबवा त्या मोटा!"

राजा काही बोलायच्या आत तिने पदर खोचला, हळदकुंकवाचा करंडा कमरेला लावला आणि घेतली उडी.

श्वास कसा घेतला? शकू, सगुणाआत्या होती ती. श्वासाची काय बिशाद! तू ऐक.

खाली गेली, आणखी खाली गेली. तर तिथे बसली होती आसरा. आसरा म्हणजे पाण्यात राहणारी देवता. आपल्या विहिरीपाशी शेंदूर लावलेला दगड आहे ना, तो तिचाच. तर ही आसरा होती एकटी. ना मूल, ना बाळ. तिने कमळाच्या देठांचा पाळणा विणला होता आणि पाळण्यात होता आपला वरवंटा, कुंची घातलेला. ती झोका देत होती, गात होती आणि रडत होती.

आत्याला पाहून म्हणाली, "आलीस, बरं झालं बाई. तू जाणती दिसतेस. वरून आभाळातून बाळ आलं माझ्याकडे. पण ते दूध पीत नाही. डोळे उघडत नाही. एवढं गाते, पण साधी कूससुद्धा बदलत नाही. माझं काही चुकतंय का गं?"

आत्याच्या अगदी जिभेवर आलं होतं, "अगं बये, वरवंटा आहे तो!" पण तिने ओठ मिटले. कुठल्या आईला सांगायचं की तुझं बाळ दगडाचं आहे? मग तिने करंडा उघडला. आसरेला हळदकुंकू लावलं. पाण्यातही ते पुसलं नाही, बरं का.

"वर बारसं आहे आमच्याकडे. तुम्ही यायचं, बाळाला घेऊन यायचं. आमचं बाळ झोपत नाही, तुमचं उठत नाही. दोघांना एका पाळण्यापाशी आणू."

"आणि माझं बाळ कुणी हिसकावलं तर?"

"तुमच्या हातून कुणी काही ओढणार नाही. सगुणाचा शब्द आहे."

मग काय! सगुणाआत्या पुढे, आसरा मागे, आसरेच्या कडेवर वरवंटा. अशी वरात राजवाड्यात आली. केसांतून पाणी टपटप गळतंय, पायाखाली ओलाच ओला. बायका भ्यायल्या, भिंतीला चिकटल्या. आत्या ओरडली, "बघता काय? पाट मांडा पाहुणीला!"

बारसं सुरू झालं. आसरेने वरवंटा पाळण्याखालून दिला, आत्याने घेतला. ती तो कानाला लावणार, तोच राणीने बाळ पाळण्यावरून दिलं, आसरेने घेतलं. पोर एवढीशी झाली होती, पण तिने आसरेचं बोट घट्ट धरलं. तोंडात घातलं, चोखलं. आणि मग काय केलं सांगू? शू केली! हसा, हसा. आसरा मात्र हसली नाही. जन्मभर गार पाण्यात राहिलेली ती. आपल्या ओल्या लुगड्याकडे बघतच राहिली.

"हे ऊन आहे गं," म्हणाली.

मग तिने वरवंट्याकडे पाहिलं. कुंची घसरली होती, काळा दगड दिसत होता.

"म्हणजे ते..."

"वरवंटा हो," आत्या हळूच म्हणाली. "चांगला आहे, जुनाजाणता आहे. पण वरवंटा."

आसरेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. कुणी हसलं नाही. तेवढ्यात बाळ किरकिरलं. आसरेला सवयच झाली होती. ती झुलवायला लागली आणि गायला लागली,

"नीज गं कमळजा, नीज गं साळू,
पाणी झुलवतंय हळूहळू..."

ते कानावर पडलं आणि आत्याला पुसलेलं नाव लख्ख आठवलं. ती ताडकन उठली. "कमळजा! हेच! हेच ते नाव! तुम्हाला कुठून कळलं हो?"

"यानेच सांगितलं. पहिल्या दिवशी उराशी धरला तेव्हा."

राणी म्हणाली, "वन्सं, चला, लवकर सांगा कानात." आत्या पुढे वाकली. तिला एकुलता एक भाऊ, त्याची ही पहिली लेक. या घटकेची तिने किती वर्षं वाट पाहिली होती! पण वाकता वाकता तिला आसरेचे हात दिसले. बाळ परत घेतलं की ते रिकामे होणार होते. आत्या सरळ झाली.

"तुम्हीच सांगा," आसरेला म्हणाली.

"अहो वन्सं, हा आत्याचा मान!"

"माझाच ना? मग कुणाला द्यायचा ते मी ठरवीन."

मग आसरेने बाळाच्या कानात नाव सांगितलं. कमळजा, कमळजा, कमळजा. आणि नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत काय बसतात? धपाटे! पहिला सगुणाआत्याने घातला, चांगला सणसणीत. मग भिंतीला चिकटलेल्या बायकाही आल्या. धपाधप, धपाधप. आसरा हसत होती आणि रडत होती. कमळजाने एवढी मोठी जांभई दिली आणि झोपली. मग राणी झोपली. राजा बसल्या जागी झोपला. मोटेचे बैल, धर्मा कोळी, पहारेकरी, सगळे झोपले.

आसरा मोकळ्या हातांनी तळ्यात परत गेली. पण आता ती कुणाची तरी आत्या होती. तळ्याचं पाणी पुन्हा गोड झालं. वरवंटा चटणी वाटायला लागला. कमळजा मोठी झाली, दिवसभर तळ्याकाठी खेळायची, पण राणीने कधी काळजी केली नाही. एक आत्या काठावर बसलेली, एक तळाशी. पोरीची काय टाप आहे बुडायची! सगळी सुखात राहिली.

झाली गोष्ट. त्या पोरीला नाव नव्हतं म्हणून झोप नव्हती. तुम्हाला तर चांगली नावं ठेवलीत, मग झोपायला काय धाड भरलीय? मिटा डोळे.