करपलेल्या फुलाची वेणी

कांदळवाडीतले सगळे गडगे, म्हणजे परसांच्या दगडी कुंपणभिंती, गुडघ्याएवढे. एकच पुरुषभर उंच आहे, दर्याकडल्या दोन परसांच्या मधला. त्याच्या उगवतीला शेवंतीचा पिवळाधमक ताटवा, मावळतीला वाऱ्याने करपलेली थोडी झुडपं. ही कशाला ठेवलीत, असं पाहुणे हटकून विचारतात. मग वाडीतल्या सत्यवतीकाकी घराच्या पायरीवर बसून सांगू लागतात.

फार मागे, म्हणे, इथे दोघी जावा नांदत होत्या. थोरली द्वारका, धाकटी येसू. वाटणीत दर्याकडलं परस थोरलीला आलं, आतलं धाकटीला. कार्तिकातल्या जत्रेला गावदेवीच्या माथ्यावर पहिली वेणी चढायची ती द्वारकाच्या शेवंतीची. तिनेच मागे येसूला लावायला मुनवे, झुडपाच्या मुळाशी फुटलेले कोंब, काढून दिले होते. पण त्या वर्षी येसूच्या झुडपांवर कळ्या दाटल्या, आणि विहिरीवर बायका बोलल्या, "यंदाची वेणी धाकटीची हां."

 पाणी घालताना द्वारकाची नजर गडग्यापलीकडेच. नवी कळी दिसली की ती गडग्यावर आणखी एक दगड चढवी. दिसायलाच नको मेलं.

"जाऊबाय, कमर मोडात तुमची," येसू म्हणाली. "कित्याक इतको उंच?"

"गुरां येतत."

वाडीत तेव्हा मोकळं जनावर एकही नव्हतं, असं काकी सांगतात.

मग खारं वारं सुटलं. ते उंच गडग्यावर आपटे आणि सगळा खार द्वारकाच्याच झुडपांवर उतरे. पानं काळी पडली. येसूचीही गेली असणार, एवढाच तिला धीर. जत्रेच्या सकाळी ती दगडावर चढून डोकावली. पलीकडे पानही करपलं नव्हतं. तिच्याकडे एकच फूल उरलं होतं, तेही कडेने जळलेलं. तिने ते अंबाड्यात खोचलं आणि वर पदर ओढून घेतला.

देवळात येसूने भरगच्च वेणी द्वारकापुढे धरली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "माझ्या फुलांक वारा लागू नये म्हणान जाऊबायन गडगो घातल्यान. आपली जाळून घेतल्यान. वेणी तिच्याच हातान चढांदे."

त्यापेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर द्वारकाला सोसलं असतं. तिने वेणी चढवली. ती घसरली. पुन्हा चढवली, पुन्हा घसरली. बायका कुजबुजल्या, "धाकटीची फुलां देवीक नको झाली." येसूची मान खाली गेली. इतके दिवस द्वारकाच्या मनात जे घोळत होतं, नेमकं तेच लोकांच्या तोंडून आलं, आणि ते ऐकून ती दचकली. तिचा हात आपसूक अंबाड्याकडे गेला. ते करपलेलं फूल तिने येसूच्या वेणीत गुंफलं. वेणी माथ्यावर ठरली.

गडग्याचं खरं तिने येसूला सांगितलं का? "सांगल्यान नसता तर आमका कसा कळला असता?" काकी हसतात.

आजही देवीच्या पहिल्या वेणीत एक करपलेलं फूल लागतंच. त्यासाठी दर्याच्या अंगाला मुद्दाम शेवंती लावतात, आणि जत्रेच्या सकाळी देवळाच्या पायरीवर बायका हमरीतुमरीवर येतात: तुझ्यापेक्षा माझं जास्त करपलंय.