मंगळाचे दोन ठिपके

पृथ्वी जागची हलत नाही, असं सगळे छातीठोकपणे सांगत, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट.

एका राज्यात एक वृद्ध ज्योतिषी होते. दरबाराच्या ओसरीत एका मोठ्या शिळेवर त्यांनी आकाशाचा नकाशा कोरला होता. मंगळ कोणत्या दिवशी कुठे दिसेल, याचं गणित मांडून ते तिथे चुन्याचा पांढरा ठिपका देत. तो दिवस आला, की मंगळ खरोखर जिथे दिसे, तिथे गेरूचा लाल ठिपका देत. चाळीस वर्षांत हे दोन ठिपके क्वचितच एकावर एक पडले!

दरबारी मंडळी गालातल्या गालात हसत. "अहो, पांढरा पुसून टाका, म्हणजे झालं," असा शहाजोग सल्लाही देत. पण ज्योतिषीबुवांनी एकही ठिपका पुसला नाही.

त्यांची एक शिष्या होती. त्या ठिपक्यांमधलं अंतर ती वर्षानुवर्षं मोजत बसली. शेवटी तिला उमगलं, की सूर्य नव्हे, आपली पृथ्वीच फिरते आहे. फिरत्या पृथ्वीवरून पाहतो, म्हणूनच मंगळ मध्येच मागे फिरल्यासारखा दिसतो. तिने नवं गणित मांडलं. वर्षभर लाल ठिपका बरोबर पांढऱ्यावर पडला.

राजा खूश झाला. "हा चुकांचा दगड फोडा," तो म्हणाला, "आणि तिथे बाईंची नवी शिळा बसवा. पहिला घाव त्यांच्याच हातचा!"

शिष्येच्या हाती घण आला. गुरुजी खांबाशी उभे होते.

"घाल पोरी घाव," ते हळूच म्हणाले. "माझं चुकलंच होतं."

तिचे डोळे भरून आले. शिळा फुटली, तर गुरुजींची चाळीस वर्षं उद्या कोणाला दिसणार? तिने घण खाली ठेवला.

"महाराज, गुरुजी चुकले, पण किती चुकले ते त्यांनी लपवलं नाही. हे बोटभर अंतर मोजूनच मी शिकले. त्यांनी ते पुसलं असतं, तर मी आजही चाचपडत असते. मला नवी शिळा नको. याच शिळेवर, गुरुजींच्या ठिपक्यांखाली जागा द्या."

राजा वरमला. शिळा वाचली.

काही वर्षांनी मंगळ तिच्या पांढऱ्या ठिपक्यापासून केसभर बाजूला दिसला. दरबारी एकमेकांकडे बघू लागले. तिचाही हात क्षणभर थबकला. तेवढ्यात काठी टेकत गुरुजी पुढे आले आणि त्यांनी हसत गेरूची वाटी तिच्यापुढे धरली. तिने वाकून त्यांना नमस्कार केला आणि लाल ठिपका दिला.

म्हणून लहानथोरांनो, स्वतःची चूक न पुसता जे ती आपल्या हाती देऊन जातात, त्यांचे उपकार विसरू नका. आपल्याला आज दिसतं, ते त्यांच्यामुळेच.