दाराआडचा हात

"मग सांगा ना बाबलकाका, यातला चांगला कुठला?"

यशोधनने मोटारीच्या दाराचे तीन नमुने वाळूत ओळीने मांडले. एक काचधाग्याचा, एक तागाचा, एक कार्बनचा. सोमवारी कारखान्यात त्याला एकावर सही करायची होती. मग त्याच मालाची हजारो दारं निघणार होती.

बाबल तांडेल फायबरच्या होड्या बांधता बांधता म्हातारा झालेला. धाग्याचं कापड साच्यात अंथरून त्यात राळ कशी जिरवायची, हे यशोधनने कॉलेजच्या सुट्ट्यांत त्याच्याच हाताखाली गिरवलं होतं. आता तो मोठा इंजिनिअर झाला होता. सल्ला विचारायला आलो म्हणत होता. खरं तर पाठ थोपटून घ्यायला आला होता.

"तुझा म्हणणा काय?"

"कार्बन! सगळ्यांत हलका, सगळ्यांत कणखर. मशीनवर दोनशे तुकडे मोडून बघितलेत. किती जोर लावला की मोडतो, ते तोंडपाठ आहे."

"आणि मोडता कसो?"

यशोधन हसला. "कसा म्हणजे... मोडतो."

म्हातारा उठला. कार्बनचा नमुना त्याने उपड्या होडीला टेकवून उभा केला. यशोधनच्या हाती हातोडा दिला. मग नमुन्याच्या मागे आपला पंजा पसरून धरला.

"मार."

हातोडा वर गेला... आणि वरच राहिला.

"काका, हात काढा."

"मोडूचो नाय म्हणतंस ना?"

"तसं नाही... पण मोडलाच, तर सुयांसारखे ढलपे निघतात. आत घुसतात."

"ह्या तुका म्हायत होता?"

"...हो."

"मशीनवर मोडलंस, तेव्हा मागे कोण होतो?"

यशोधनने मान खाली घातली. "कोणीच नाही."

नवी होडी पाण्यात लोटली की बाबल आधी स्वतः तिच्यात बसून खोल पाण्यात जाऊन यायचा, मगच मालकाला बोलवायचा. हे यशोधनने किती वेळा पाहिलं होतं! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलो, काका. आता तरी हात काढा."

म्हाताऱ्याने हात काढला नाही. वाळूत पडलेल्या दोन नमुन्यांकडे मानेनेच खूण केली.

"त्यातलो एक निवड, हेच्या जाग्यार लाव आणि मार. हात मागे हयसरच आसा."