टाकून दिलेलं लेकरू

मंगळवार, सकाळी अकरा. युरोपातल्या एका संग्रहालयाची बैठकीची खोली. टेबलावर वीतभर उंचीची लाकडी मूर्ती होती आणि ती परत मागायला नायजेरियाहून आलेल्या आबेनीबाई समोर बसल्या होत्या. योरुबा लोकांत जुळ्यांतलं एक मूल दगावलं, तर आई त्याची अशी मूर्ती घडवून घेते आणि जिवंत लेकरासारखी सांभाळते. ही मूर्ती आबेनीबाईंच्या पणजीनं घडवून घेतलेली.

संचालक डॉ. हार्टविग यांनी संग्रहालयाच्या समितीसमोर जुनी नोंद खणखणीत आवाजात वाचली. "'टाकून दिलेली बाहुली, गावाबाहेर सापडली.' टाकलेल्या वस्तूवर हक्क कसला, बाई?"

"हिचं नाक कुठं गेलं, साहेब? तुमच्याकडे झिजलं?"

"अशक्य!" साहेबांची छाती फुगली. "एकशे दहा वर्षांत आम्ही हातमोज्याशिवाय हिला शिवलेलो नाही. ही झीज तुमच्याच घरातली. तुमच्या बायका रोज हिचं तोंड धुवायच्या, हिला चवळी भरवायच्या!"

"किती वर्षं धुतलं की नाक असं सपाट होतं?"

"तीस तरी. या विषयावर माझा ग्रंथ आहे."

"मग त्या ग्रंथालाच विचारा," आबेनीबाई म्हणाल्या, "तीस वर्षं रोज ज्याचं तोंड धुतलं, ते लेकरू कुठली आई गावाबाहेर टाकते?"

समितीतल्या एकाला हसू आवरेना. साहेबांनी मूर्ती परत देण्याच्या कागदावर सही केली. दुपारी बाई मूर्ती पाठीशी बांधून निघाल्या.

त्या संग्रहालयात अशा अजून एकसष्ट मूर्ती आहेत. प्रत्येकीच्या नोंदीत 'टाकून दिलेली' असंच लिहिलंय, आणि एकीलाही नाक उरलेलं नाही.