आधी मुजरा, मग कुस्ती

एकदा एक वस्ताद आपल्या पट्टशिष्याला घेऊन राजाच्या कुस्त्यांच्या मैदानाला निघाले. शिष्य तरणाबांड, यंदाची गदा त्याचीच असं सगळे धरून चाललेले. पण त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. राजानं आपल्या बागेसाठी नदीकाठची कोळ्यांची वस्ती उठवली होती, आणि ‘आम्ही जायचं कुठं?’ एवढं विचारणाऱ्यांना तुरुंगात टाकलं होतं. त्यांत शिष्याचा तालमीतला जोडीदार होता. रोज ज्याच्याशी लढत करायची तोच कोठडीत, मग खुराक घशाखाली उतरणार कसा?

"वस्ताद, मी ठरवलंय," तो वाटेत म्हणाला. "कुस्ती मारतो, अन् सगळ्यांदेखत गदा नाकारतो. माझ्या जोडीदाराला सोडा म्हणतो."

वस्ताद पुढे चालत राहिले.

गदेसाठीच्या शेवटच्या कुस्तीची रीत अशी, की आधी वस्तादानं आणि मागोमाग पैलवानानं राजाला मुजरा करायचा, मगच मातीत उतरायचं. हलगी कडाडली. वस्ताद पुढे झाले आणि न वाकता राजासमोरून सरळ निघून गेले. मैदानभर कुजबुज उठली. शिष्य तर चक्रावलाच. बेत त्याचा, आणि म्हाताऱ्यानं आधीच पाचर मारून ठेवली!

राजा हसला. "म्हातारपणी बुद्धी चळते. पैलवान, तू मुजरा कर आणि उतर मातीत."

कमरेत वाकायचं, एवढंच तर काम. उभ्या आयुष्याची मेहनत समोर होती. तो वाकूही लागला. मग काय वाटलं कोण जाणे, तो ताठ झाला. "माझा जोडीदार कोठडीत आहे. तो सुटेपर्यंत हा मुजरा होणार नाही," एवढं बोलून तो चालू लागला. राजानं तिथल्या तिथं दुसऱ्या पैलवानाला विजयी ठरवलं. "भ्याला रे भ्याला!" लोक ओरडले. लोकांचं काय, ते कुस्ती बघायला आले होते.

वेशीबाहेर येताच तो भडकला. "जिंकून नाकारली असती गदा, तर काय बिघडलं असतं? आता जो तो मला भित्रा म्हणणार!"

"म्हणू दे," वस्ताद म्हणाले. "लेका, हरला असतास तर? हरलेल्याला गदा देतो कोण, अन् तो नाकारणार काय? तू जिंकलास तरच जोडीदारावरचा अन्याय खरा, अन् तुझी पाठ मातीला लागली की खोटा? न्यायाची गोष्ट कुस्तीच्या निकालावर टांगू नये. अन् ज्याला जाब विचारायचा, त्याच्यापुढं आधी वाकायचं, हे मला जमेना. मी माझ्यापुरता गेलो. तू माझ्यामागं ये, असं म्हटलं नव्हतं."

मागे मैदानात टाळ्यांचा कडकडाट झाला. शिष्याचे बाहू शिवशिवले.

"वस्ताद, मी जिंकलो असतो का हो?"

"ते आता कधीच कळायचं नाही."

 ही चुटपुट जन्मभर पुरणार, हे शिष्याला उमगलं. आणि तरीही तालमीची वाट सोडून तो तुरुंगाच्या वाटेला लागला.